फ्यूज नसलेली वायर

बाबा, आज दुपारी कट्टा गावातल्या आपल्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात तुमच्या हातचं काम उघडलं.

आचऱ्याचे काका त्यांची जुनी व्हॅन घेऊन आले होते, भजनाच्या मंडळींना गावोगाव नेणारे, तुमचे जुने गिऱ्हाईक. म्हणाले, "गाणी लागतत नि बंद पडतत गो. ॲम्पचो दिवो लाल जाता, हिरवो जाता, परत लाल. झीलान मुंबैसून नवो आणल्यान, तोच खराब निघालो. वायरिंग मात्र तुज्या बापाशीचा आसा. तेका कोणाक हात लावूक दिलंय नाय." ऐकून मला बरं वाटलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माणसं तुमचं काम जपतात.

मुलाने आणलेला, आवाज वाढवणारा तो नवा ॲम्प स्वतःला वाचवायला बंद पडत होता, एवढं दिव्यावरूनच कळत होतं. कशापासून, ते शोधायचं होतं. स्पीकरच्या वायरी सुट्या केल्या, तरी तेच. टेपकडून येणारी वायर काढली, तरी तेच. मग मीटर लावला. गाडी बंद असताना ॲम्पला येणारं व्होल्टेज व्यवस्थित, पण काकांनी इंजिन चालू केलं आणि गाडी हादरायला लागली तसा मीटरवरचा आकडा धाडकन खाली येऊ लागला. ॲम्प चांगलाच होता, बॅटरीकडून येणारी वायर कुठेतरी दगा देत होती. तिच्या मागे जात जात मी मागच्या सीटखालचं मॅट उचललं.

मॅट खालून जळून काळं झालं होतं. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबर नव्हतं. पत्र्याच्या धारेने वायरीचं कातडं कापलं गेलं होतं आणि उघडं तांबं प्रत्येक हादऱ्याला पत्र्याला लागत होतं. मी ओरडले, "काका, गाडी बंद करा! भायर येवा!" धावत जाऊन बॅटरीची वायर सोडवली आणि तिथेच कळलं. बॅटरीपाशी फ्यूज नव्हता. तो असता, तर वायर पत्र्याला लागताक्षणीच उडाला असता. कोणी काढला असेल म्हणावं, तर वायरीवर तुम्ही मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेल्या गाठी जशाच्या तशा होत्या. तुम्ही तो घातलाच नव्हता.

मी कामाला नवी होते तेव्हाचा दिवस आठवतो. मी फ्यूज नंतर घालीन म्हणून वायर जोडून टाकते. तुम्ही गिऱ्हाइकासमोर ती उपटून माझ्या हातात देता. "फ्यूज आदी. माणसा बसतत गो हेच्यात." मी रडते, तुम्ही ढुंकून बघत नाही. त्या दिवसापासून मी एकदाही विसरले नाही. आणि तुम्ही? त्या दिवशी फ्यूज संपले होते? की कोणी घाई करत होतं? विचारू कोणाला?

काका काळ्या मॅटकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काल आमची नात हयच निजलेली, ह्याच सीटीर." "झाला काय होता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वायर जुनी झालेली, काका." नवी वायर ओढली, भोकाला रबर बसवलं, फ्यूज घातला. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. ते तुमचं नाव घेत गेले.

मग मी दुकानाचं शटर अर्धं ओढून फोन लावत बसले. तुमच्या हातचं वायरिंग ज्यांच्या गाड्यांत अजून आहे असे आठवतील तेवढे लोक. मालवणचे एक रिक्षावाले हसले, "तुज्या बापाशीचा काम, तेका काय जाता?" मी म्हटलं, "तरी उद्या घेवन येवा. येवाच." का, ते सांगितलं नाही.

हे पाठवायला तुमचा पत्ता असता, तरी पाठवलं नसतं. तुम्हाला सहन झालं नसतं. जेवताना आईला काकांची गाडी आल्याचं सांगितलं. ती खूश झाली, म्हणाली, "बघ, अजून त्यांचंच काम चालतंय." मी हो म्हटलं आणि आणखी भात मागितला. भूक नव्हती.