तारीख नसलेला फोटो

बाबा, आज चार वाजता घमापुरातून दोन बायका माझ्याकडे येणार आहेत, सासू आणि सून. सासू एकच प्रश्न विचारणार आहे आणि त्याचं उत्तर काय द्यायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. आत्ता अडीच वाजलेत. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहायचं कधी सुचलं नाही, आणि आज गळ्याशी आलं तेव्हा बरी आठवण झाली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण हे सगळं तुमच्यापायी झालंय.

शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी तुमचे जावई गेले. घरात बसवेना, म्हणून मी एक कॅमेरा घेतला. रोलवाला नाही, हल्लीचा. दुपारची बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या, बसलेल्या, पेंगणाऱ्या माणसांचे फोटो काढते. शेजारीण विचारते, "दीदी, वहाँ फोटो खींचने लायक है क्या?" तिला काय सांगू? तुमच्या स्टुडिओच्या पायरीवर ती कुठं बसली होती! छत्तीस फोटोंचा रोल, गिऱ्हाइकाला पासपोर्टचा फोटो उद्याच हवा, आणि रोलमध्ये तीन-चार फोटो शिल्लक. दुसऱ्या कुणी भिंतीचे फोटो काढून रोल संपवला असता. तुम्ही कॅमेरा घेऊन दारात यायचे. समोर चहाचा ग्लास धरून बसलेला हमाल असायचा. मी घाई करायची, "काढा ना बाबा!" तुम्ही म्हणायचे, "थांब. घोट घेऊ दे त्याला. घोट घेतला की माणूस आपल्या घरी असतो." आणि खरंच, पहिल्या घोटानंतर त्याचे खांदे खाली यायचे, डोळे बारीक व्हायचे, आणि तुमचं बोट तेव्हाच दाबायचं. मग त्याची एक प्रत काढून, मला सायकलच्या दांड्यावर बसवून, तुम्ही ती त्याला नेऊन द्यायचे. फुकट. आई चिडायची, "कागद काय नर्मदेत वाहून येऊन राहिले का?" तुम्ही म्हणायचे, "त्याचा चेहरा घेतला आपण. त्याला परत द्यायला नको?"

हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलं. घेतला तर द्यायचा.

भाद्रपदातली एक दुपार होती. एका कापडाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि त्याच्या पायरीवर एक बाई बसली होती, असेल पस्तिशीची. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, मांडीवर कागदात मूगडाळीचे गरम मंगोडे. हातभर हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत ताजी मेंदी. वरच्या ताडपत्रीच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा नेमका तिच्या गालावर पडला होता, आणि मागं फुलवाल्याकडं शंकर-पार्वतीवर टांगायचे फुलेरे लोंबत होते. तिनं एक मंगोडा फोडला, फुंकर घातली, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मी तेव्हाच काढला. आयुष्यात इतका चांगला फोटो मी काढलेला नाही. त्या दिवशी काय वार, कोणती तिथी, याकडं माझं लक्षही नव्हतं.

दोन महिन्यांनी मोठी प्रत काढून आणली, मागं तुमच्यासारखाच शिक्का मारला, नाव आणि फोन नंबर, आणि तिला शोधत निघाले. चहावाल्याला दाखवला, मंगोडेवाल्याला दाखवला. मी बाई माणूस, साठी उलटलेली, मला कोण काय म्हणणार, अशी माझी ऐट. शेवटी बांगडीवाला म्हणाला, "अरे, ये तो घमापुर वाली अम्मा की बहू है। छोड़ जाइए दीदी, अम्मा आज ही आने वाली हैं।" मी फोटो त्याच्या हातात दिला आणि खुशाल घरी आले. रस्ताभर वाटत होतं की बाबा असते तर पाठीवर हात ठेवला असता.

काल फोन आला. म्हातारा, खणखणीत आवाज. "आप वोई हैं न, फोटो वाली? जे फोटो कौन दिन की है?"

मी म्हटलं, "क्यों अम्मा, अच्छी नहीं आई?"

"अच्छी तो भोत आई है। दिन बताओ।"

मग तिनंच सगळं सांगितलं. तीजाच्या सणानंतर पंधरा दिवसांनी तिचा मुलगा रंगाचं काम करताना शिडीवरून पडला, कमरेचं हाड मोडलं, अजून खाटेवर आहे. बायको नवऱ्यासाठी निर्जळ उपास धरते त्या दिवशी सुनेनं बाजारात बसून मंगोडे खाल्ले असतील तर दुसरं काय होणार, असं तिचं म्हणणं. सून म्हणते फोटो आदल्या दिवसाचा आहे. "तीजा की निकली तो हम इसे मझौली छोड़ आएँगे, मायके। लौट के नईं आएगी। दोनों बच्चे हमारे पास रएँगे। कल चार बजे इसे लेके आ रए हैं, आप सोच के रखना।"

फोन ठेवल्यावर मी कॅमेरा उघडून पाहिला. तारीख, तास, मिनिट, सगळं त्यात नोंदलेलं. तीजाचाच दिवस, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

आणि मग तो दिवस आठवला. मी अकरा वर्षांची आहे, उन्हाळ्याची सुट्टी. स्वयंपाकघराच्या फरशीवर तुमचे फोटो वाळत पसरलेत आणि तुम्हाला खूश करायचं म्हणून मी बॉलपेननं प्रत्येकाच्या मागं तारीख लिहून राहिले आहे, वळणदार अक्षरात. तुम्ही जेवायला येता, ताटावर बसता, दोन घास खाता. एक फोटो उलटा करून पाहता. ओरडत नाही. सगळे गोळा करता आणि एकेक फाडता. आई म्हणते, "काहून फाडून राहिले? पोरीनं एवढं छान लिहिलं!" तुम्ही म्हणता, "तारीख आपल्या वहीत. त्यांच्या फोटोवर नाही." ताट तसंच टाकून तुम्ही पुन्हा अंधारखोलीत गेले आणि सगळे फोटो नव्यानं काढले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी तुम्हाला दुष्ट म्हटलं होतं, उशीत तोंड खुपसून. काहून ते तुम्ही कधीच सांगितलं नाही आणि मी रागानं विचारलं नाही.

आता कळलं, बाबा. माणूस कोणत्या दिवशी कुठं बसला होता हे तुम्ही कुणाच्या हाती लागू देत नव्हते. त्या धाकानं मी आजही फोटोमागं तारीख लिहीत नाही, आणि त्या एका गोष्टीवर आज त्या बाईचं घर टिकून आहे. फुलेरे आदल्या दिवसापासून विकतात. मेंदी आदल्याच दिवशी काढतात. खोटं बोलले तर खपेल. पण चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी, आणि माझा चेहरा कसा आहे तुम्हाला माहीत आहे. काचेसारखा.

बेल वाजतेय.

सहा वाजून गेलेत. त्या गेल्या. सासू खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही, पाणीही घेतलं नाही. सून दाराशी, पदर कपाळापर्यंत. मेंदी केव्हाच गेलेली. माझ्याकडं बघत नव्हती, फरशीकडं बघत होती. म्हातारीनं पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हाँ, बोलो।"

मी म्हटलं, "तीजा के एक दिन पहले की है, अम्मा।"

"पक्का?"

"पक्का। उसी दिन मैं फुलेरा लेने गई थी।"

ती मला निरखत राहिली. माझे कान तापले. मग तिनं हुकमाचं पान टाकलं. "मसीन में तो तारीख रैती है। हमारा नाती बता रओ थो। दिखाओ।"

नवा कॅमेरा आतल्या खोलीत पलंगावर पडलेला, दार सताड उघडं. मी उठले, कपाट उघडलं आणि तुमचा कॅमेरा काढला. चामड्याची केस, तुटलेला पट्टा, तीस वर्षांत रोल न पाहिलेला. तो मी तिच्या दोन्ही हातांत दिला. "अम्मा, मेरे पिताजी का है। इसमें रील लगती है। तारीख-वारीख कुछ नहीं आती।"

तिनं तो उलटासुलटा केला. "इत्ती भारी," म्हणाली. डोळ्याला लावून पाहिला, त्यातून सुनेकडं पाहिलं, बराच वेळ. मग कॅमेरा टेबलावर ठेवून ती म्हणाली, "चलो," आणि फोटो पिशवीत घालून जिना उतरायला लागली. "फोटो तो अच्छी है," एवढं वर बघून म्हणाली.

सून चपला घालायला मागं राहिली. उगाच वेळ लावत होती. खालच्या आवाजात, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "दीदी, आपको मालूम था न, उस दिन क्या था?"

मी मान हलवली. नाही म्हटलं. "मालूम होता तो खींचती क्या?" असंही वर म्हटलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि गेली.

म्हातारीशी खोटं बोलले त्याचं मला काही वाटत नाही. तुमचा कॅमेरा त्यात ओढला, तेही तुम्ही चालवून घ्याल. हे पत्र आता त्याच्याच केसमध्ये ठेवून देते. पण एक राहिलं. वर तुम्हाला लिहिलं ना, की त्या दिवशीच्या तिथीकडं माझं लक्ष नव्हतं, ते तसं नाही. आपली हरतालिका आणि इथला तीजा एकच, हे मला कुणी सांगायला हवं? सव्वीस वर्षं मी पाण्याचा थेंब न घेता तो दिवस काढला आणि तुमचे जावई तरी गेलेच. ती पायरीवर बसली तेव्हाच मेंदी पाहिली होती, फुलेरे पाहिले होते. तेव्हाच निघून जायला हवं होतं. मी थांबले, बाबा. तिला घास घेऊ दिला.