पिकल्या केळ्यांचा वास

मंगळवार, संध्याकाळ

आज माणिकपूरच्या क्लासमध्ये कीटोन शिकवले. दर वर्षीची तीच वाक्यं. इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साखर असूनही पेशी उपाशी राहतात, मग यकृत चरबी मोडून कीटोन बनवतं आणि पेशंटच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग घरच्यांना कळत कसं नाही?"

मी म्हटलं, "पुढचा मुद्दा लिहून घ्या."

माझे वडील, आबा, गेले त्या दुपारी मी त्यांची उशी सरळ करायला वाकले होते. ते धापा टाकत होते, आणि तो वास आला. आमच्या नंदाखाल गावातल्या घरात बाराही महिने केळ्यांचा घड पिकायला टांगलेला असतो. मी म्हटलं, "आबा, घड पिकला वाटतं." संध्याकाळी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. मी हे शिकवते. मी! मला का नाही कळलं?

आत्ता चहा घेताना आई पुन्हा तेच म्हणाली, "घड पिकला होता म्हणालीस ना गं त्या दिवशी? एक केळं तरी भरवायला हवं होतं त्यांना."

तिला कसं सांगू? त्या वासामागे मी आतल्या खोलीत गेले होते, अंगठ्याने केळं दाबून पाहिलं होतं. घड हिरवागार होता, दगडासारखा टणक.

आणि मी परत येऊन पेपर तपासत बसले.