शेऱ्याचा कोरा रकाना

४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी अकरा हजेरीपुस्तकं सुखरूप पोचली. बाबांनी ती सुतळीने अशी काही आवळली होती की सोडवताना माझं एक नख कामी आलं. फोनच करणार होते, पण तुझं कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं आणि ती शिट्टी बेसूर आहे म्हणून तू मधेच फोन ठेवून देतेस. तेव्हा पत्रच बरं.

आत्या, तू मला तारलंस! माझ्या गाईडबाई वर्षभर म्हणताहेत की प्रबंधात मतं पुष्कळ आहेत, पुरावा कुठे आहे? विषय तुला एव्हाना पाठ झाला असेल: गाण्याच्या बाईंनी वर्गात मुलाबद्दल काय नोंदलं आणि पुढे त्या मुलाचं गाण्याशी काय नातं राहिलं. तर तुझ्या पुस्तकांत काही नावांपुढे पेन्सिलीचं बारीकसं टिंब आहे. अकरा वर्षांत त्रेचाळीस टिंबं, दोनदा मोजली. बाकीच्यांच्या शेऱ्यात तू कोणाला सोडलेलं नाहीस. ‘श्वास मधेच तोडते’, ‘ताल धावतो’, ‘शब्द गिळतो’. टिंबवाल्यांचा रकाना मात्र कोरा. म्हणजे सांगण्यासारखी चूकच नाही! कार्यक्रमांच्या याद्यांत ही मुलं कायम शेवटच्या रांगेत. पक्क्या आवाजांनी मागून आधार द्यायचा, हो ना? गाजावाजा न करता गुणी मुलं हेरणारी शिक्षिका, यावर माझं अख्खं चौथं प्रकरण उभं राहिलं आहे. गाईडबाई सहा वर्षांत पहिल्यांदा हसल्या.

आणि गंमत ऐक. तिसरीच्या पुस्तकात बाबांच्या नावापुढेही टिंब आहे. मग हा माणूस दाढी करतानासुद्धा गुणगुणत का नाही?

प्रबंध सप्टेंबरअखेर द्यायचाय. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या, तिसरी मिळत नाही. नाही दिला तर सहा वर्षं पाण्यात. पण आता देतेच बघ.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
टिटवी


११ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. प्रकरण जमलं हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, शेजारीण नव्या कुंड्या आणते आणि पाणी मी घालते.

टिंबांचं एवढं काय घेऊन बसलीस? पेन्सिल टेकली असेल. एकेका तासाला साठ-साठ मुलं असायची, कुठे काय खूण केली ते आता कोणाला आठवतंय? उगाच जुन्या माणसांना शोधत फिरू नकोस, ती आपापल्या संसारात असतील. चौथं प्रकरण आखूड कर आणि देऊन टाक. परीक्षक काही हजेरीपुस्तकं उघडून बघणार नाहीत.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण ठेवतेस, अशीच ठेव.
तुझी
आत्या


२० जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पेन्सिल एकदा टेकेल, दोनदा टेकेल. त्रेचाळीस वेळा, तीही बरोबर नावापुढेच? आत्या, विनय चांगला, पण तुझ्या विनयाने माझं प्रकरण बुडेल. मी काही ते आखूड करणार नाही. उलट ते तुलाच अर्पण करणार आहे.

तू नको म्हणालीस म्हणून लगेच टिंबवाल्यांना भेटायला निघाले. पहिले एक शिंपी. हल्ली गाता का, असं विचारलं तर टेप गळ्यात तसाच ठेवून ते इतके हसले, की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. म्हणाले, तुम्ही चुकीच्या माणसाकडे आलात. दुसऱ्या एक परिचारिका. त्यांच्या मुलीच्या शाळेचा कार्यक्रम होता, मीही गेले. सगळे पालक उठून गाऊ लागले. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, तोंड व्यवस्थित हलत होतं, पण आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकलं. अजिबात नव्हता.

एवढ्या गुणी मुलांचं पुढे असं का व्हावं? रविवारी घरी गेले तेव्हा बाबांना विचारलं, तर ते उठले आणि मोरीचा नळ तपासायला गेले. तो गळत नव्हता.

तूच काय ते सांग. उत्तराची वाट पाहते, रागावू नकोस.
तुझी
टिटवी


२८ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता पाचव्यांदा लिहिते आहे ते जसं येईल तसं पाठवणार आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ती खूण मला पक्की आठवते. टिंब म्हणजे गुणी मूल नाही गं. टिंब म्हणजे ज्याला मी कानात सांगितलं की तू गाऊ नकोस, फक्त ओठ हलव. शेवटची रांग आधारासाठी नव्हती, तिथे ही मुलं झाकली जायची. आणि रकाना कोरा आहे तो चूक नव्हती म्हणून नव्हे. त्या मुलांना मी काही शिकवलंच नाही, तर शेरा कशाचा लिहू?

पहिलं टिंब तुझ्या बापाचंच. मी तेवीस वर्षांची, नोकरीला लागून सहा महिने झालेले. शाळेत मोठे पाहुणे यायचे होते. हेडमास्तरांनी बजावलं होतं की एकही आवाज वेगळा लागता कामा नये. वर्गात धाकट्याचा आवाज सगळ्यांच्या खाली कुठेतरी लागायचा. आपलाच भाऊ आहे, वाईट वाटणार नाही, असं मनाशी म्हटलं. त्याचा गाल थोपटून सांगितलं की तू नुसते ओठ हलव, पण छान हलव. नऊ वर्षांचा होता. घरी येऊन त्याने एकदाच विचारलं, की कुठपर्यंत? मी म्हटलं, कार्यक्रम होईपर्यंत.

कार्यक्रम झाला, पाहुणे खूश झाले. तो संपला हे धाकट्याला सांगायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. सत्तेचाळीस वर्षं झाली.

पुढे ती सवयच लागली. मला वरचे वर्ग मिळाले तेव्हा सुटली, कारण तिथे गाणं ऐच्छिक होतं आणि टिंबवाली मुलं तिकडे फिरकलीच नाहीत.

तुझं चौथं प्रकरण मी मोडलं, तेही तोंडावर मुदत आलेली असताना. पण खोट्यावर उभी असलेली पदवी तुला पचली नसती आणि मला ती बघवली नसती. माझं नाव घालून लिही. अर्पण मात्र करू नकोस, हात जोडते.

माया कमी केलीस तरी पत्र टाकत जा.
आत्या


१४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पंधरा दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुला वाचवलं नसतं. राग टिंबांचा कमी आणि ‘पेन्सिल टेकली असेल’ याचा जास्त आला. आठ दिवस मी त्या वाक्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत होते.

मग प्रकरणाची साठ पानं बाजूला ठेवली आणि स्वतःचीच वही काढली. मी गाणं शिकवते त्या शाळेच्या गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एका मुलीला मी हळूच मागे उभं केलं होतं. टिंब दिलं नाही, एवढाच फरक. खाण तशी माती, दुसरं काय! सोमवारी तिला भेटून आले.

गाईडबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता नारळ देतील. त्या म्हणाल्या, पहिल्यांदा तुझ्याकडे काहीतरी लिहिण्यासारखं आहे. पण त्यांनी बोट ठेवायचं तिथे ठेवलंच. ही मुलं खरोखर बेसूर होती, की त्यांच्याकडे कोणी कान दिला नाही? जुन्या आवाजांचा आता पुरावा मिळणार नाही. निदान आजचे आवाज तरी ऐकायला हवेत, आणि ऐकणारी व्यक्ती तयारीची हवी.

म्हणून सांगते, आत्या, कानाला यंत्र असलं तरी तुझ्याइतका कान माझ्या ओळखीत कोणाला नाही. पेटी उघड. पत्ते मी देते, पत्रं तू लिही. ती माणसं माझ्या बोलावण्यावर येणार नाहीत, तुझ्या बोलावण्यावर कदाचित येतील.

घरी गेले होते तेव्हा तुझं पत्र मी बाबांच्या जेवणाच्या टेबलावर विसरले. मुद्दाम विसरले. बाबांनी वाचलं, घडी होती तशी घातली आणि कामावर गेले. त्या दिवशी त्यांनी म्हणे तीन लिफ्ट दुरुस्त केल्या.

रागासकट तुझीच,
टिटवी


२५ ऑगस्ट

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

अकरा जणांना पत्रं घातली, पाच जण आले. प्रत्येकाची आधी माफी मागितली. परिचारिका रडली. शिंपी म्हणाला की बाई, तुमच्यामुळे मी कापडाकडे वळलो, माझं भलंच झालं. मेला अजून तसाच वात्रट आहे.

शनिवारी सकाळी बसतो. जे घडतं ते तारखेनिशी लिहून ठेवलंय, सोबतच्या वहीत आहे. थोडक्यात सांगते. मी जन्मभर पेटीच्या काळी चारवर बोट ठेवून बसले, कारण माझा स्वतःचा सूर तो. साठ मुलांनी तिथे यायचं, जो येणार नाही तो बेसूर. आता मी सूर देतच नाही. रस्त्यापलीकडे ओळखीचं माणूस दिसलंय, त्याला हाक मारा, एवढंच सांगते. हाक जिथे लागते ती पट्टी मी पेटीवर शोधते आणि तिथून गाणं सुरू करते. शिंप्याची हाक पांढरी दोनवर लागली. तिथून त्याने पाच सूर असे लावले की मीच बोट उचलायला विसरले. पाचांपैकी चौघं पहिल्या बैठकीत सुरात आले. चष्म्याचा दुकानदार मात्र खरंच डगमगतो. चार शनिवारांत तिसऱ्या सुरापर्यंत पोचलाय. तेही लिही, सगळं गोड गोड लिहू नकोस.

चूक मुलांची नव्हती गं. मी जागची हलले नाही, एवढंच झालं. इतकी साधी गोष्ट सत्तराव्या वर्षी कळावी याची लाज वाटते आणि कळली याचा आनंदही होतो.

धाकटा दर शनिवारी येतो. खुर्च्या मांडतो आणि पेटीचा भाता गळतो म्हणून पेचकस घेऊन दाराशी बसतो. भाता आतापर्यंत तीनदा दुरुस्त झालाय. मी अजून त्याच्याशी विषय काढलेला नाही. परक्यांची माफी मागणं सोपं असतं.

प्रबंध वेळेवर दे. लोभाचं पुढचं पुढे बघू, आधी लिहायला बस.
तुझी
आत्या


५ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. चुका काढू नकोस.

प्रबंध वेळेत दिलास, फार आनंद झाला. ताईने ही बातमी अख्ख्या जिन्याला सांगितली. तू परत पाठवलेली हजेरीपुस्तकं शुक्रवारी तिच्याकडे पोचवली.

शनिवारी सगळे बसले असताना तिने पेटी बंद केली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली की कार्यक्रम संपला. त्याच वर्षी संपला होता, मी सांगायला विसरले, मला माफ कर. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? मग म्हटलं, भाता नीट बसलाय का ते बघायला हवं, आणि हाक मारली. ताई, एवढीच. काळी एक निघाली.

तिसरीतलं ते गाणं तिने काळी एकपासून धरलं आणि मी पूर्ण म्हटलं. शिंपी विचारत होता, शब्द कसे काय पाठ? मी सांगितलं, ओठ हलवायला शब्द यावेच लागतात. मी ते काम चोख केलं होतं.

नंतर ताईने तिसरीचं पुस्तक काढलं आणि माझ्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, ‘श्वास अपुरा पडतो. शेवटच्या ओळीत घाई करतो. रोज सराव हवा.’ खाली तारीख टाकली आहे, म्हणजे जुन्या नोंदीत फेरफार केला म्हणून तुझ्या गाईडबाई रागावणार नाहीत. माझा पहिला शेरा आहे. झेरॉक्स सोबत जोडली आहे, जपून ठेव.

तुझ्या तोंडी परीक्षेला आम्ही सगळे येतोय, चष्मेवालासुद्धा.

एक राहिलं. सकाळी सात ते साडेसात फोन करू नकोस. केलास तरी मी उचलणार नाही.

तुझे
बाबा