आबाच्या होडीची फळी

प्रिय आबा,

आज घरी वाळवीवाला आला होता आणि त्यानं मला खोटं पाडलं. ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले.

बाथरूमच्या दाराची चौकट बोटानं दाबली तर बोट आत गेलं. वर रंग छान, आत नुसता भुगा! दोन वर्षांपूर्वी तुझी फळी घराबाहेर गेली तेव्हा मला वाटलं होतं, पीडा टळली. मग ही वाळवी कुठून आली?

तुझी ती नाळेची फळी आठवते ना? होडी मोडली तेव्हा पुढच्या टोकाची तेवढी तू ठेवून घेतलीस. नारळी पुनवेला जिला हळद-कुंकू लावायचं, ती जाळायची नाही, असं तुझं म्हणणं. करंजाडेला माझ्याकडे राहायला आलास तेव्हा कपड्यांची एकच पिशवी होती, पण फळी मात्र टेम्पोतून आली. ती भिंतीवर ठोकून तिच्यावर तू माझे देव मांडलेस. होडीला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास उदबत्तीनंही दबायचा नाही.

मग एके दिवशी फळीमागून गेलेली मातीची रेघ मला दिसली. मी तुझ्या जावयासमोर तुला म्हणाले, "तुझ्या सडक्या होडीनं माझं घर खाल्लं."

तू एवढंच म्हणालास, "तिला वाळवी नाय लागाची गो. ठोकून बग."

मी ठोकलं नाही. सकाळी तू फळी उतरवलीस. "ती जाते तं मी पन जातो," म्हणालास आणि किनाऱ्यावरच्या करंजा गावी आत्याकडे गेलास. मी थांबवलं का नाही, आबा? आणि तू तरी एकदा भांडायचंस की!

वाळवीवाल्याला मी तोऱ्यात सांगितलं, "जुन्या होडीच्या लाकडातून आली." फोनमधला त्या रेघेचा तेव्हाचा फोटोही दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, ही जमिनीतली वाळवी आहे. फळीचा काय संबंध?"

मी विचारत सुटले. तुला माहीत आहे का, वाळवीच्याही जाती असतात! एक कोरड्या लाकडातच जन्म काढते. तिला माती लागत नाही. ती खसखशीसारखे दाणे खाली पाडते, त्यावरून ओळखायची. दुसरीला ओलं, कुजकं लाकूड लागतं. आणि आपल्याकडची ही तिसरी. हिची राणी जमिनीत आणि कामकरी घरात. अंग इतकं नाजूक की उघड्यावर सुकून मरतात, म्हणून मातीची नळी बांधत आतून येतात. पाइपाच्या कडेची फट त्यांना पुरते. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली आई पंखांचा ढीग झाडायची ना, ते हिचेच. पंख टाकायचे आणि जोडीनं नवीन घर शोधायचं.

त्यानं नळीचा तुकडा मोडला. पांढुरके जीव क्षणभर गोंधळले, मग लागले डागडुजीला. कामकऱ्यांना डोळेही नसतात म्हणे. मी कितीतरी वेळ बघत उभी होते. होडी किनाऱ्यावर ओढून किडा मारायला तू तिच्या पोटाखाली झावळ्यांचा जाळ करायचास, तेव्हा मी तुला असंच विचारायची, आतला किडा दिसतो का रे? तू म्हणायचास, दिसत नाय, ऐकू येतो.

फोटोतली रेघ म्हणजे हीच नळी; ती फळीमागून सरळ पुढे गेली होती, दाराच्या चौकटीकडे. फळीला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. आणि वाळवी मुळात जमली कशाला, माहीत आहे? फळीखाली, बाथरूमकडच्या ओल्या भिंतीला मी पुठ्ठ्याचे खोके टेकवून ठेवले होते, लग्नाच्या अल्बमचे आणि जुन्या वह्यांचे. जेवण मीच वाढलं होतं.

दुपारीच करंजाला गेले. फळी आत्याच्या ओट्यावर आहे, दोन दगडांवर. शेवटपर्यंत तू तिच्यावरच बसून जाळी विणायचास, असं आत्या म्हणाली. मी वाकून तू शिकवलं होतंस तसं बोटाच्या पेरानं या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकलं. भरीव, आबा. सगळीच्या सगळी भरीव.

आत्या बघत होती. म्हणाली, "तो पन रोज असाच ठोकून बगायचा. बोलायचा, चंदा आली का दाखवीन."

मी त्या फळीवर बसून रडले. तुझ्या दहाव्याला आले होते तेव्हा याच फळीवर चपला काढल्या होत्या.

आबा, रविवारी टेम्पो घेऊन जाते. फळी त्याच भिंतीला, त्याच खिळ्यांवर लावीन, वासासकट. दर नारळी पुनवेला हळद-कुंकू लावीन. आणि यापुढे कुणालाही पोकळ म्हणण्याआधी एकदा ठोकून बघीन, हा माझा शब्द.

तुझी,
उशिरा ठोकून बघणारी चंदा