तुमच्या कॉलसाइनला उत्तर कोण देतं?

अहो,

माझ्यावर आळ आलाय, म्हणून लिहिते. जिथं बोलायची मला परवानगी नाही, त्या फ्रिक्वेन्सीवर मी बटण दाबते म्हणे!

तुम्ही गेल्यावर तुमच्या हॅम रेडिओवाल्या मित्रांनी गेलेल्याला एकदा पुकारायची त्यांची रीत पाळली. सकाळच्या हजेरीत तुमचं कॉलसाइन, रेडिओवरचं तुमचं नाव, पुकारलं आणि उत्तरासाठी थांबले. मी स्वयंपाकघरात जुन्या रिसीव्हरवर ऐकत होते. त्या शांततेत दोन टिचक्या आल्या. टक्, टक्. तोंडात भाकरीचा घास असला की तुम्ही माईकचं बटण असंच दोनदा दाबायचात ना?

आता ते रोज पुकारतात. टिचक्या रोज येतात.

परवा वरकुट्याहून हजेरीतल्या बापूरावांचा फोन आला.

"वहिनी, राग मानू नका, पण तुमीच दाबताय न्हवं?"

"माझा परवाना पहिल्या पायरीचा. फ्रिक्वेन्सीच्या त्या पट्ट्यात मला फक्त ऐकायची मुभा आहे."

"ते ठाऊक हाय, म्हणून तर इचारतोय. लायसन जाईल तुमचं."

"यांच्या सेटची वायर मी तेराव्यालाच काढलीय."

"मग आबाच घास खात बसल्यात म्हणायचं का तितं?" ते हसले, आणि मधेच थांबले.

मी जाऊन सेटवरचं कापड काढलं. धूळ जशीच्या तशी. बाहेर उसाच्या पाचटावर दव होतं, घर गारठलेलं. माईक मात्र कोमट लागला. आत्ताच कोणी हातातून ठेवावा तसा!

वरच्या पायरीची, जनरल ग्रेडची परीक्षा दे, म्हणून किती मागे लागला होतात! मी म्हटलं, "कशाला? तुमच्याशी बोलायला घर पुरतं." तेव्हा जरा रागावला का नाहीत?

आता अर्ज भरलाय. पास होईपर्यंत तिथं एक शब्द बोलणार नाही. तोवर काही सांगायचं असेल, तर मला मुभा आहे त्या पट्ट्यात या. हातातला छोटा सेट घेऊन रोज सकाळी ओट्यावर बसेन. पण नुसत्या टिचक्या चालणार नाहीत. माझं नाव घ्या. मी उत्तर देईन, हा शब्द.

तुमची,
वत्सला
कोऱ्हाळे बुद्रुक

ता.क. आज बापूरावांच्या ताब्यात दिलं: मोठा सेट एक, पॉवर सप्लाय एक, माईक एक, अँटेनाची तार गुंडाळून. त्यांची सही घेतली. आता या घरात परवानगीबाहेरचं काही नाही. उद्या सकाळी टिचक्या आल्या, तर त्या माझ्या नव्हेत.