अकलोलीची शेवटची बस

प्रिय वहिनी,

खालच्या यंत्रमागाच्या कारखान्याचा मेन स्विच मी खाली ओढला, त्या दुपारी सगळं बदललं. आणि मला वाटलेलं, केवढा पराक्रम केला!

आज लिहितोय, कारण तुझी गोष्ट दिवाळी अंकाला पाठवायची आज शेवटची तारीख. पाकीट समोर आहे, चिकटवलेलं नाही. तुला जाऊन तीन महिने झाले, तरी मला एक साधी गोष्ट कळत नाहीये. तुझ्या गोष्टीतली ती बाई बसमध्ये चढली का?

तुझी वही तांदळाच्या डब्यात सापडली. "तिथे बंटीचा हात पोचत नाही, आणि तुम्ही काय भात लावायला येत नाही, भाऊजी," असं म्हणायचीस ना? पानांना अजून पांढरी पूड आहे. एका बाजूला गोष्ट, मागे 'बंटीचं खोकल्याचं औषध, आरोहीची चित्रकलेची वही'.

मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. तू एकटी म्हणालीस, "आता दुपारचे मोकळे ना? मग बंटीला धरा, माझी दोन पानं होतील." आणि ओट्याशी उभी राहून लिहायला लागलीस. दूध उतू गेलं तरी वाक्य सोडायची नाहीस!

त्या दुपारी तुझी दोन्ही पोरं झोपलेली. खाली लूमची खटखट. "चार ओळी राहिल्यात फक्त," तू म्हणालीस आणि कपाळ दाबलंस. मला वाटलं, हिला आवाजाचा त्रास होतोय. विचारावं की नाही? पण मी विचारतो कधी! धावत खाली गेलो, कारखानेवाल्या इस्माईलचाचांशी भांडलो आणि मेन ओढला. "अरे पागल, पूरा धागा टूट गया!" ते ओरडत राहिले.

सगळं एकदम शांत झालं. आणि वर दोन्ही पोरांनी भोकाड पसरलं.

त्या खटखटीतच जन्मलेली पोरं ती, तिच्यातच झोपणार. शुक्रवारी कारखाना बंद असला की दुपारभर तुझ्या अंगाखांद्यावर असायची, ते यामुळेच. घरात बसून मला एवढंही दिसलं नव्हतं. मी वर आलो, तशी तू वही मिटलीस. "शांतता कोणी मागितली होती, भाऊजी?" बस, इतकंच. आणि हसलीस. का हसलीस? एक ठेवून द्यायची होतीस!

दुसऱ्या दिवशी ताप. मग हॉस्पिटल. आता वाटतं, तू कपाळ दाबलंस तेव्हाच ताप होता का गं अंगात? आणि मी आवाजाशी भांडत बसलो?

गोष्टीतली बाई दोन पोरं सासूकडे ठेवून एकटीच अकलोलीला जाते. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसते. संध्याकाळी परतीची शेवटची बस येते. कंडक्टर विचारतो, "येताय का, बाई?" पुढे तुझ्या अक्षरात, 'तिने पाय पाण्यातून काढले आणि'. मग कोरं पान.

वहिनी, तुला जायचं होतं का आमच्यापासून?

दादाला विचारलं. "लिहायची ती काहीबाही," म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता. आरोही म्हणाली, "आईने सांगितलंय मला, बाईला वाघ भेटतो." दुसऱ्या दिवशी वाघाची मगर झाली.

शेवटी मीच शेवट लिहिला. बस सुटते, आणि तिचं कॉलेजातलं प्रेम तिथे उभं असतं. धामणकर नाक्यावर रेश्माच्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप करायला दिलं. हो, तीच रेश्मा, जिच्यापायी माझं जेवण सुटलं म्हणून तू चिडवायचीस. तिने वाचलं आणि माझं पान परत ढकललं.

"हे वहिनींचं नाहीये. हा तू आहेस. कुंडावर पण येऊन उभा राहिलायस!"

"मग बाई काय करते, सांग ना तूच!"

"मला काय माहीत? वहिनींनी जिथे सोडलंय तिथे मी थांबणार."

मी ते पान तिच्याच काउंटरवर फाडलं. तीन दिवस नाक्याकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी गेलो, तर गोष्ट टाइप करून ठेवलेली. 'आणि'पर्यंत.

तशीच पाठवतोय. बरोबर करतोय का? माहीत नाही. कधी वाटतं, चढली असणार, तू तर रोजच चढलीस. कधी वाटतं, निदान कागदावर तरी एकदा बस सुटू द्यावी तिची.

पण एक नक्की. तुझ्या गोष्टीला आता हात लावणार नाही. दुपारी पोरांना मी निजवीन, ओट्याशी उभा राहीन आणि माझं स्वतःचं काहीतरी लिहीन. आणि कोणासाठी काही बंद करायच्या आधी त्याला विचारीन. शप्पथ, वहिनी.

पाकीट चिकटवलं. दादा पोरांशेजारी आडवा झालाय. खाली लूम चालू आहेत. बंटीची मूठ आरोहीच्या फ्रॉकला घट्ट धरून आहे. निघतो. दार हळू लावणार नाही. नेहमीसारखं धाडकन लावतो, नाहीतर उठतील दोघं.

तुझा भांडखोर दीर,
विकी