हो की नाही

प्रिय सर,

लग्नानंतरही वर्षभर माझ्या तोंडून चुकून हीच हाक निघायची आणि तू हसायचास. आज चुकून नाही, मुद्दाम लिहितेय. तुझं ड्रेसिंग आता एक दिवसाआड होतं आणि काठी घेऊन तू जिन्यापर्यंत जातोस, असं मेट्रनकडून कळलं. बरं झालं. तू धडधाकट व्हावंस असं मला मनापासून वाटतं. खाटेवर पडलेल्या माणसावर राग धरून ठेवणं फार अवघड जातं.

वॉर्डात सगळे म्हणतात, आठ वर्षं वेगळी राहूनही बाईनं मोठ्या मनानं नवऱ्याचा पाय वाचवला. मी कुणाची समजूत काढत बसले नाही, पण तुला तरी खरं माहीत असावं. मधुमेहानं पायाची दोन बोटं गेल्यावरही तू इन्सुलिन घ्यायला तयार नव्हतास. समुपदेशनाला पाठवलेल्या दोघी नर्स तुझ्याच समुपदेशनाच्या वर्गातल्या विद्यार्थिनी. एकीला तू, वर्गात शिकवलेली खुर्चीची जागा चुकली म्हणून उठवलंस. दुसरीला तिच्याच वाक्यांतल्या चुका काढून दाखवल्यास, ती चादरींच्या खोलीत जाऊन रडली. मग मेट्रननं मला विचारलं, जमेल का, नको असेल तर सरळ नाही म्हण. मी लगेच हो म्हटलं. तुला वाचवायला नव्हे. तू पडलेला आणि मी समोर बसलेली, अशी संधी पुन्हा आली नसती.

पहिल्या दुपारी तू विचारलंस, "तू का आलीस?" मी मनात तीन आकडे मोजले, तू वर्गात शिकवायचास तसे, आणि उत्तर न देता समोरच्याची भावनाच त्याला परत ऐकवायची, ही तुझीच रीत वापरून म्हणाले, "मी का आले असेन, हा विचार तुला सतावतोय." तुझा चेहरा बघण्यासारखा झाला. थोड्या वेळानं तू हळूच विचारलंस, "पाय जाईल का माझा?" मी मान हलवली, पुढे झुकले आणि म्हणाले, "पाय जाईल अशी भीती वाटतेय तुला." तू भिंतीकडे तोंड केलंस. त्या दिवशी मी गुणगुणत घरी गेले, तेही सांगून टाकते.

तुला आठवत असेलच असं नाही, म्हणून लिहिते. आईला धाप लागायला लागली तेव्हा मी तुला एवढंच विचारलं होतं, तिला आपल्याकडे आणू का? तू हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवलास, माझ्याकडे वळून बसलास आणि म्हणालास, "तुला आईची फार काळजी वाटतेय." किती समजूतदार नवरा मिळालाय, असं मला तेव्हा वाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. "तुझी ओढाताण होतेय, दिसतंय मला." सात महिने हेच चाललं. तू कधी आवाज चढवला नाहीस, आणि कधी 'नाही' असंही म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर मी बॅग भरून तिच्याकडे राहायला गेले असते. तुझ्या होकाराची वाट बघत मी थांबले, आणि आई तिच्या स्वयंपाकघरात एकटीच गेली. शेजारणीला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी माझा हात हातात घेऊन तू म्हणालास, "तुला माझा राग आलाय." तेवढं मात्र अचूक ओळखलंस.

दुसरी आणि तिसरी दुपारही मी तशीच काढली. चौथ्या दिवशी जखमेची कड काळी पडायला लागली होती. तू एकदम ओरडलास, "अगं, हो की नाही ते सांग ना!" शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. हे वाक्य माझं होतं. सात महिने तुझ्या घरात मी हेच म्हणत होते, फक्त ओरडून नाही. तुलाही ते उमगलं असावं, कारण तू डोळ्यांवर आडवा हात घेतलास. मी खुर्ची मागे सारून निघाले. इतके दिवस मी तुझ्या पायाशी खेळले. नर्स म्हणून मला त्याची लाज वाटते, दुसऱ्या कुठल्याच नात्यानं वाटत नाही.

पाचव्या दिवशी मी उभ्याउभ्याच सांगितलं, "हो. सुई घेतली नाहीस तर महिन्याभरात गुडघ्याखालचा पाय जाईल. घेतलीस तर बहुतेक राहील. घेणार आहेस?" तू म्हणालास, "घेतो." पोटाची चिमूट धरून पहिली सुई मीच दिली.

परवा मेट्रनबरोबर तुझा निरोप आला. तुझा समुपदेशनाचा वर्ग आता मी घेणार हे तू ऐकलंस, आणि वॉर्डात घडलेलं तिथे बोलू नकोस अशी तुझी विनंती आहे. त्यासाठीच हे पत्र. निर्धास्त राहा. पेशंटचं बोलणं खाटेपासून पुढे जाता कामा नये, हे तूच शिकवलंस आणि मी ते पाळणार. तुझा पाय, तुझं ओरडणं, यातलं अवाक्षरही निघणार नाही. पण आईचं काय झालं ते काही पेशंटचं गुपित नाही, ते माझ्या घरचं आहे. सोमवारी पहिल्या तासाला नव्या मुलींना मी तेच सांगणार आहे, तुझ्या नावासकट.

कागदोपत्री अजून तुझीच,
बायको